विश्लेषण : मशीनची भाषा कोणती असावी, ‘लॅडर’ की ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’? चाकण-भोसरीतील हा वाद नेमका कशासाठी?

भाषेवरून वाद म्हटला की महाराष्ट्रात वेगळेच काही डोळ्यांसमोर येते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मात्र एक भाषावाद वर्षानुवर्षे सुरू आहे आणि त्याचा मराठी-हिंदीशी काहीही संबंध नाही. वाद आहे तो मशीनला हुकूम देणाऱ्या भाषेचा. कन्व्हेअर कधी सुरू व्हावा, क्लॅम्प कधी बंद व्हावा, रोबोने हात कधी पुढे करावा हे ठरवणारा प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा? जुन्या ‘लॅडर’मध्ये की नव्या पिढीच्या आवडत्या ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’मध्ये? वरवर पाहता ही इंजिनीअर मंडळींची चहाच्या टपरीवरची हुज्जत वाटते. पण या हुज्जतीच्या निकालावर तिसऱ्या पाळीतल्या इलेक्ट्रिशियनची रात्र कशी जाईल हे ठरते, आणि कधी कधी ऑपरेटरचा हात सुरक्षित राहील की नाही हेही.

मुळात पीएलसी म्हणजे काय?

कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलचे दार उघडले की आत एक छोटा डबा दिसतो. त्यात एका बाजूने सेन्सर, बटणे, लिमिट स्विच यांच्या वायरी शिरतात आणि दुसऱ्या बाजूने मोटार, व्हॉल्व्ह, दिवे यांच्याकडे वायरी जातात. हा डबा म्हणजे पीएलसी, प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. त्याचे काम एकच असते आणि ते तो न थकता करतो. आधी सगळे सेन्सर वाचायचे, मग प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चालवायचा, मग आउटपुट द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असा एक फेरा साधारण काही मिलिसेकंदांत पूर्ण होतो.

सीमेन्स, मित्सुबिशी, रॉकवेल, डेल्टा या कंपन्यांचे पीएलसी या पट्ट्यात जागोजागी दिसतात. भोसरीतच मुक्काम असलेली मेसंग ही कंपनीही अनेक दशकांपासून पीएलसी बनवते. डब्यावरचे नाव काहीही असो, आतला प्रोग्रॅम कुणीतरी लिहिलेला असतो आणि तो एखाद्या भाषेत लिहिलेला असतो.

या भाषा किती असाव्यात यावर पूर्वी कंपनीगणिक वेगळे उत्तर होते. १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि पाच भाषांवर एकमत झाले. लॅडर डायग्रॅम, फंक्शन ब्लॉक डायग्रॅम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीतून ती गेलीच. उरलेल्या चारपैकी खरी झुंज आहे ती पहिल्या आणि तिसऱ्या भाषेत.

शिडीसारखी दिसणारी भाषा

लॅडर ही वाचायची भाषा कमी आणि बघायची जास्त. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, म्हणजे शब्दशः शिडी. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी आणि उजवीकडे परिणाम. दार बंद आहे का? जॉब जागेवर आहे का? हवेचा दाब पुरेसा आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ आली की उजवीकडची कॉइल चालू होते आणि क्लॅम्प बंद होतो.

ही भाषा अशी का दिसते, याचे उत्तर अमेरिकेतल्या मोटार कारखान्यात सापडते. पूर्वी मशीनचे सगळे डोके रिलेच्या भल्यामोठ्या पॅनेलमध्ये असे. गाडीचे मॉडेल बदलले की शेकडो वायरी काढून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक विभागाने या जंजाळाला पर्याय मागितला आणि डिक मॉर्ली व त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधील सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ हा कंट्रोलर तयार केला. तो वापरणार होते कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. त्यांना संगणकाची भाषा येत नव्हती, पण रिलेचा नकाशा ते झोपेतही वाचू शकत. म्हणून तोच नकाशा प्रोग्रॅमची भाषा झाला.

याचा फायदा आजही पिंपरीत दिसतो. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला मुलगा कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले जोडायला शिकलेला असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरचे कंट्रोल सर्किट त्याने हाताने काढलेले असते. त्याला लॅडर दाखवली की ती परकी वाटत नाही; फक्त वायरी कागदावरून स्क्रीनवर आलेल्या असतात. संगणकाच्या दुनियेत वापरणाऱ्याच्या हातातले ज्ञान जसेच्या तसे उचलून त्याची भाषा बनवल्याची उदाहरणे फार नाहीत. लॅडरला ‘मागास’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

मग नव्या इंजिनीअरना ती नको का?

कारण नवे काम तिला झेपत नाही, आणि ही तक्रार खरी आहे.

आजची असेंब्ली लाइन नुसती मोटार चालू-बंद करत नाही. प्रत्येक भागावरचा बारकोड वाचायचा, तो भाग योग्य मॉडेलचा आहे का ते तपासायचे, प्रत्येक नट किती टॉर्कने आवळला त्याची नोंद ठेवायची, ती सर्व्हरला पाठवायची. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी जोडणाऱ्या लाइनवर तर प्रत्येक मॉड्यूलचा हिशेब लागतो. वीस अक्षरांच्या बारकोडमधली सातवी ते दहावी अक्षरे वेगळी काढायची, हे काम लॅडरमध्ये करायला बसले की पायऱ्यांवर पायऱ्या चढत जातात. तेच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये दोन-तीन ओळींत होते.

स्ट्रक्चर्ड टेक्स्ट दिसायला पास्कलसारखी आहे. ‘इफ’, ‘देन’, ‘एल्स’, ‘फॉर’. कॉलेजात सी किंवा पायथन शिकलेल्या कुणालाही ती तासाभरात ओळखीची वाटते. चाळीस स्टेशनांसाठी एकच तपासणी करायची तर एक ‘फॉर’ लूप पुरतो. लॅडरमध्ये बहुतेक वेळा चाळीस वेळा कॉपी-पेस्ट होते आणि तेविसाव्या स्टेशनला एक पत्ता बदलायचा राहून जातो. ती चूक शोधण्यात कितीजणांच्या सुट्ट्या गेल्या असतील, याची गणती नाही.

आणखी एक मुद्दा. मजकुरातला प्रोग्रॅम दोन आवृत्त्या शेजारी ठेवून सहज तपासता येतो. काल रात्री कुणी काय बदलले ते ओळीनुसार दिसते. लॅडरसाठी अशी तुलना करायची तर त्या-त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच अवलंबून राहावे लागते. शिवाय एका कंपनीच्या पीएलसीवरून दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीवर जायचे झाले तर मजकूर थोड्याफार दुरुस्तीने हलवता येतो, चित्र बहुधा नव्याने काढावे लागते.

त्यात आता एआयची भर पडली आहे. सीमेन्सचा ‘इंडस्ट्रियल कोपायलट’ साध्या भाषेत मागणी केली की कोड लिहून देतो. कोणत्या भाषेत? एससीएलमध्ये, म्हणजे सीमेन्सच्या स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये. मजकुराची भाषा यंत्रालाही लिहायला सोपी जाते. येत्या काळात पारडे कोणत्या बाजूला झुकणार, हे यावरून दिसते.

एवढे सगळे असताना वाद उरतो कशाचा?

समजा, चाकण एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात तिसरी पाळी सुरू आहे. पहाटेचे अडीच वाजलेत. मशीन थांबते. क्लॅम्प बंद होत नाही आणि स्क्रीनवर फक्त ‘सायकल नॉट रेडी’ असे काहीतरी दिसते आहे. सकाळी सहाला गाडी भरून मोठ्या कंपनीच्या गेटवर पोहोचायला हवी, नाहीतर तिकडची लाइन थांबणार आणि इकडे डेबिट नोट येणार. पाळीवर एक इलेक्ट्रिशियन आहे, आयटीआय झालेला, सहा वर्षे अनुभव असलेला.

प्रोग्रॅम लॅडरमध्ये असेल तर तो लॅपटॉप जोडतो आणि क्लॅम्पची पायरी शोधतो. चालू मशीनवर अटी पूर्ण झालेल्या भागापर्यंत हिरवी रेघ दिसते. पाच अटींपैकी चार हिरव्या आहेत, पाचव्यावर रेघ तुटली आहे. पाचवी अट म्हणजे अमुक क्रमांकाचा प्रॉक्सिमिटी सेन्सर. तो मशीनखाली वाकतो, ढिला झालेला सेन्सर पुढे सरकवतो, नट आवळतो. पंधरा मिनिटांत लाइन सुरू.

तेच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये असेल तर? तिथेही मूल्ये दिसतात, शेजारच्या रकान्यात. पण लिहिणाऱ्याने हुशारी दाखवून अट एका फंक्शनमध्ये, ते फंक्शन दुसऱ्या ब्लॉकमध्ये आणि त्यातला सेन्सर एखाद्या ॲरेच्या सतराव्या घरात ठेवला असेल, तर आपला इलेक्ट्रिशियन तिथेच थांबतो. मग मोशी किंवा रावेतला झोपलेल्या इंजिनीअरला फोन जातो. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे फोटो जातात. ‘अरे, खाली स्क्रोल कर, अजून खाली,’ असे सुरू होते. शेवटी तो गाडी काढून निघतो. दिवसाची वेळ असती तर चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी वेगळीच.

हे झाले सभ्य रूप. दुसरे रूप अधिक गंभीर आहे. ज्याला प्रोग्रॅम वाचता येत नाही आणि ज्याच्यावर लाइन सुरू करण्याचा दबाव आहे, तो तिसरा मार्ग शोधतो. सेन्सरला ‘बायपास’ मारतो. वायर जोडून पीएलसीला खोटेच सांगायचे की दार बंद आहे, जॉब जागेवर आहे. मशीन सुरू होते. सकाळी सगळे विसरतात आणि बायपास तसाच राहतो. प्रेसवर बोटे गमावलेले कामगार या पट्ट्याने पाहिलेले आहेत, त्यामुळे ही शक्यता कुणाला समजावून सांगायची गरज नाही. बायपासची कारणे अनेक असतात: उत्पादनाची घाई, सुपरवायझरचा धाक, निकृष्ट सेन्सर. पण मशीन का थांबले हे समजलेल्या माणसाला बायपासची गरज कमी पडते, हेही खरेच आहे.

सुरक्षेच्या प्रोग्रॅमबाबत मोठे उत्पादकही सावध आहेत. सीमेन्सच्या सेफ्टी पीएलसीत इमर्जन्सी स्टॉप, लाइट कर्टन वगैरेंचा प्रोग्रॅम लॅडर किंवा फंक्शन ब्लॉक या चित्रभाषांतच लिहिला जातो. जितके कमी स्वातंत्र्य, तितक्या कमी चुका, असा त्यामागचा विचार आहे. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये स्वातंत्र्य भरपूर. त्यात एखादा लूप चुकून संपलाच नाही तर फेऱ्याची ठरलेली वेळ उलटते आणि पीएलसी चक्क हात वर करून थांबतो.

‘स्क्रीनवर नीट संदेश द्या, मग कोड उघडायची वेळच येणार नाही’

टेक्स्टच्या बाजूने केला जाणारा हा सर्वात दमदार युक्तिवाद आहे. स्क्रीनवर ‘स्टेशन ४, सेन्सर ढिला’ असे स्पष्ट दिसले तर आतली भाषा कोणती, याच्याशी इलेक्ट्रिशियनला काय देणेघेणे? मोबाइल दुरुस्त करणारा तरी कुठे त्याचा कोड वाचतो?

यात तथ्य आहे आणि चांगले संदेश लिहिणारे मशीन बिल्डर भेटले तर त्यांना दोन पैसे जास्त द्यावेत. पण संदेश लिहिले जातात ते आधी सुचलेल्या बिघाडांसाठी. रात्री अडीचला जो बिघाड येतो, तो बहुतेक वेळा कुणालाच न सुचलेला असतो. सेन्सर चालू आहे, पण अर्धा सेकंद उशिरा. दोन अटी एकमेकींची वाट पाहत बसल्या आहेत. तेव्हा स्क्रीन गप्प असतो आणि कोडच उघडावा लागतो. मोबाइलची तुलनाही फसवी आहे. मोबाइल बिघडला तर नवा घेता येतो. भोसरीत बनवून घेतलेले एसपीएम, म्हणजे खास एकाच कामासाठीचे मशीन, जगात एकच असते आणि ते पंधरा-वीस वर्षे चालवायचे असते.

हिंजवडीतही सध्या भाषेचा वाद आहे. गाडीतल्या सॉफ्टवेअरसाठी सी पुढे ठेवावी की रस्टकडे वळावे, असा. पण तिथे कोड लिहिणाराही इंजिनीअर आणि वाचणाराही इंजिनीअरच. चाकणमध्ये लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा असतो. दोघांचे शिक्षण वेगळे, पगार वेगळा, पाळीही वेगळी. म्हणून ‘कोणती भाषा चांगली’ हा प्रश्न इथे निव्वळ तांत्रिक राहत नाही. ‘लॅडर म्हणजे इलेक्ट्रिशियनचे काम, आम्ही कोड लिहितो’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये गमतीने बोलले जात असले, तरी त्यात एक पायरी वरची आणि एक पायरी खालची असा भाव असतोच.

लॅडरच्या पाठीराख्यांचेही चुकते

दुसऱ्या बाजूनेही एक सोयीस्कर खोटे खपवले जाते. ‘लॅडर सोपी आहे, आपल्या मुलांना तेवढेच झेपते,’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापनाला बऱ्याचदा त्या मुलांच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा नसतो. मेंटेनन्सचा माणूस कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. त्याला कशाला शिकवा? मोरवाडीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला ‘इफ-देन’ समजणार नाही, हा समज तर अपमानकारक आहे. जो स्टार-डेल्टाचा क्रम डोक्यात ठेवतो, त्याला चार ओळींची अट वाचता येईल. फक्त कुणीतरी आठवडाभर शेजारी बसून शिकवायला हवे.

आणि कित्येक ठिकाणी तर भाषेचा प्रश्न येतच नाही, कारण सॉफ्टवेअरचे लायसन्स एकाच लॅपटॉपवर असते, लॅपटॉप कपाटात आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या इंजिनीअरकडे. कधी मशीन बिल्डरनेच ब्लॉकला पासवर्ड टाकलेला असतो. परदेशातून आलेल्या मशीनमध्ये व्हेरिएबलची नावे आणि टिपा जर्मनमध्ये किंवा चिनीत असतात. अशा वेळी लॅडर असली काय आणि नसली काय, शिडी भिंतीला लावलेली आहे पण खोलीला कुलूप आहे. रोबोंची तर आणखी निराळी तऱ्हा: कुकाची भाषा केआरएल, एबीबीची रॅपिड, फनुकची टीपी. एकाच बॉडी शॉपमध्ये तिन्ही असल्या तर मेंटेनन्सवाल्याने त्रिभाषा सूत्र पाळायचे.

मग तोडगा काय?

हा वाद ‘हे की ते’ असा सोडवण्याची गरज नाही, कारण मानकानेच एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही भाषा वापरायची मुभा दिली आहे. जिथे काही हलते, दाबते, पकडते, म्हणजे मशीनचा क्रम आणि इंटरलॉक, तिथे लॅडर असावी. जिथे आकडे, बारकोड, रेसिपी, सर्व्हरशी संवाद आहे, तिथे स्ट्रक्चर्ड टेक्स्ट असावे, पण ते वेगळ्या ब्लॉकमध्ये. त्या ब्लॉकचा निकाल लॅडरच्या पायरीवर एका साध्या अटीच्या रूपात दिसावा: ‘बारकोड बरोबर आहे’. रेघ तिथे तुटली तर इलेक्ट्रिशियनला निदान एवढे कळेल की सेन्सर ठीक आहे, भानगड स्कॅनरकडे आहे. झोपलेल्याला उठवायचेच झाले तर नेमके कुणाला, हेही कळेल.

अनेक अनुभवी प्रोग्रॅमर असेच करतात. अडचण अशी की हे त्यांच्या मर्जीवर चालते. माणूस बदलला, एजन्सी बदलली की पद्धत बदलते. भाषा ठरवण्याची खरी जागा प्रोग्रॅमरची खोली नव्हे, मशीनची परचेस ऑर्डर आहे. तिच्यात मोटारीची कंपनी, रंगाचा शेड नंबर आणि गार्डची जाळीसुद्धा लिहिलेली असते. प्रोग्रॅमची भाषा, टिपांची भाषा, मूळ प्रोग्रॅमची पूर्ण प्रत आणि पासवर्ड यांच्यासाठी मात्र बहुधा एकही ओळ नसते. ती ओळ लिहायला पैसे लागत नाहीत. मशीन ताब्यात आल्यावर ती मागायला गेले की लागतात.

टिपा मराठीत का असू नयेत, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. रोमन लिपीत का होईना, ‘हा सेन्सर डाव्या क्लॅम्पच्या मागे आहे’ अशी एक ओळ असली तर रात्रीची अर्धी शोधाशोध वाचेल. मॅनेजरला ती बावळटपणाची वाटेल कदाचित, पण वाचणारा तो नाही.

मशीन ताब्यात घेतानाची चाचणीही थोडी बदलता येईल. या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे नव्या मशीनचे ट्रायल बऱ्याचदा त्याच दिवशी होते. सायकल टाइम मोजला जातो, शंभर जॉब काढले जातात, सह्या होतात. त्या दिवशी तिसऱ्या पाळीतल्या एका इलेक्ट्रिशियनलाही बोलवावे, ओव्हरटाइम देऊन. त्याच्या नकळत एक सेन्सर काढून ठेवावा, हातात लॅपटॉप द्यावा आणि घड्याळ लावावे. बिल्डरचा प्रोग्रॅमर शेजारी उभा राहील, पण बोलणार नाही. कारण सापडायला किती मिनिटे लागली, तो आकडा सायकल टाइमच्या खालच्या रकान्यात लिहावा आणि त्यानंतरच शेवटच्या हप्त्याचा चेक निघावा.